शरयूसाठी दोन दिवस

वीजबिलाच्या पाठीवर लिहिते आहे.
शनिवार, रविवार. सोमवार नको.
सोमवारी म्युझियम बंद, राजवाडा बंद,
आणि सोमवारी मी अजूनही
कारण नसताना पहाटे जागी होते.

तू कळवलंस: फक्त भिंती, घुमट, चित्रं.
नातेवाईक नकोत, साड्यांची दुकानं नकोत,
देऊळ चालेल, पण बांधणीसाठी.
गुडघा नवा बसवलाय, जिने मोजून सांग.

मोजते.
तांबेकरवाड्याचा जिना अरुंद, लाकडी,
कठडा डाव्या हाताला.
वर भिंतभर माणसं रंगवलेली:
फौजा, गोपी, झग्यातल्या मडमा,
शेजारी शेजारी, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या.
सकाळी ऊन तिरपं आत येतं
तेव्हा निळा रंग जागा होतो
असं तिथला रखवालदार म्हणतो.
मी पाहिलेलं नाही.

हे खरं तर प्रत्येक ओळीपुढे लिहायला हवं.
चौतीस वर्षं बडोद्यात काढून
राजवाडा मला रिक्षाच्या उजव्या अंगाने ठाऊक,
कीर्तिमंदिर म्हणजे बस वळते तो कोपरा,
विद्यापीठाचा घुमट म्हणजे
लेकीच्या फीची रांग, आणि सुटे पैसे.

म्हणून काल दुपारी आधी एकटीच जाऊन आले.
कीर्तिमंदिरात चपला काढल्या, आत गेले,
तर भिंतीवरून गंगा उतरत होती.
सावकाश. कुणालाच घाई नव्हती,
ना तिला, ना जटा पसरून बसलेल्याला.
राठवाभाईंनी स्वतःची खुर्ची सरकवली,
बेसो ने बेन, म्हणाले,
आणि स्वतः भिंतीला टेकून
रोजचीच ती गंगा पुन्हा बघत राहिले.
तुझ्यासाठी पंचवीस मिनिटं धरली होती.
खोडून एक तास केला.

म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे.
तो कलेत बसत नाही, तरी बघ.
फासळ्यांखाली उभं राहिलं
की कमानी माणसाला कुठून सुचल्या असतील
याचा अंदाज येतो.

मग सेव-उसळ. तिखट झेपतं का अजून?
तर्री वेगळी मागू.

रविवार, चार वाजता.

इथे पेन बराच वेळ थांबलं.
न्यायमंदिर.
ते यादीत असणारच, कुणालाही विचार.
बाहेरगावचे लोक मान मागे टाकून
त्याचे फोटो काढताना मी पाहिलेत,
आणि मला वाटायचं, यांची तारीख नाही वाटतं आज.

तुझ्या भावाची आणि माझी नऊ वर्षं तिथे गेली.
तू समोरच्या बाकावर, मांडीवर त्याचा डबा.
मी खांबाजवळच्या, ज्याचा एक पाय डुगडुगायचा,
त्याखाली मी जुन्या समन्सची घडी सारली होती.
पुकारा मला अजून पाठ आहे,
बेलिफाचा खोकला, टायपिस्टांची ओळ,
फरशीवरची नक्षी तर इतकी
की डोळे मिटून काढून दाखवीन:
आठ पाकळ्या, मग चौकोन, मग तुझ्या चपला.

पण छत?
छत कसं होतं गं?
तू तरी एकदा वर बघितलं होतंस का?

कोर्ट आता नव्या इमारतीत गेलं.
इथे कुलूप आहे, आतून दिसायचं नाही.
रस्ता ओलांडून
सूरसागरच्या कठड्याशी उभं राहू,
तिथून मनोरे नीट दिसतात म्हणे.
जिने: शून्य.
वेळ मी लिहिलेली नाही.
घडीची दोन स्टुलं घरात आहेत, ती आणीन.
दोन्ही एकाच अंगाला मांडू.

फोटो काढून पाठवते, अक्षर लागलं नाही तर फोन कर.
बिल बुधवारच्या आत भरायचंय,
हा कागद खिडकीपलीकडे जाईल
तुझ्या दोन दिवसांसकट.